कासवाच्या परावरचा आकडा वाचायला पुळणीवर माणूस हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या एका ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवाच्या मादीच्या परावर, म्हणजे वल्ह्यासारख्या पायावर, धातूची छोटी पट्टी होती आणि त्या पट्टीवर ०३२३३ हा क्रमांक कोरलेला होता, ही बातमी आपल्या वाचकांच्या स्मरणात असेल. क्रमांकाचा माग काढल्यावर असे निष्पन्न झाले की, ही पट्टी भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर त्या मादीला लावली होती. ओडिशाहून श्रीलंकेला वळसा घालून गुहागरला यायचे, तर समुद्रमार्गे सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचा प्रवास होतो. पूर्व किनाऱ्यावरची कासवे वेगळी आणि पश्चिम किनाऱ्यावरची वेगळी, असे आजवर सर्वसाधारणपणे मानले जात होते. एका मादीवरून ही समजूत मोडीत निघाली असे म्हणणे घाईचे होईल, पण तिला तडा गेला हे खरे.

या घटनेवर पुष्कळ लिहून आले. त्यात कौतुकाचा सगळा रोख तंत्रज्ञानावर होता आणि तो आकडा ज्यांनी वाचला त्यांचा उल्लेख एखाद्या ओळीत उरकलेला होता. वन्यजीवांच्या नोंदीसाठी उपग्रह, ड्रोन, कृत्रिम बुद्धिमत्ता अशा साधनांवर खर्च करण्याच्या घोषणा आता वरचेवर वाचायला मिळतात आणि त्यांना माझा विरोध नाही. मात्र या साधनांमधून हाती काय लागते, काय निसटते आणि त्यासाठी किनाऱ्यावर कोणाला उभे राहावे लागते, याचा हिशेब कोकणापुरता तरी मांडला जावा, म्हणून हे पत्र. मी दापोली तालुक्यातील एका किनारी गावात राहणारा निवृत्त शिक्षक आहे, कासवांचा अभ्यासक नाही. शेजारचा एक तरुण कासवमित्र म्हणून, म्हणजे किनाऱ्यावरची कासवांची घरटी शोधून राखण्याचे, काम करतो. हंगामात त्याच्याबरोबर पहाटे पुळणीवर फिरायचे आणि त्याच्या नोंदींची दुसरी प्रत आपल्या वहीत करून ठेवायची, एवढाच माझा या विषयाशी संबंध आहे.

आधी उपग्रहाविषयी. २०२२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत कांदळवन प्रतिष्ठान आणि भारतीय वन्यजीव संस्था यांनी मिळून कोकणात पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रह टॅग बसवले. पश्चिम किनाऱ्यावर असा प्रयोग प्रथमच होत असल्यामुळे वेळासच्या मादीचे नाव ‘प्रथमा’ ठेवले गेले आणि सावनी, रेवा, लक्ष्मी, वनश्री ही बाकीच्या चौघींची नावेही कोकणात घरोघरी पोचली. पुढच्या वर्षी गुहागरला ‘बागेश्री’ आणि ‘गुहा’ यांना टॅग लागले. मादी अंडी घालून समुद्राकडे परत निघाली की तिला थोपवायचे, पाठीचा भाग स्वच्छ करायचा, विशिष्ट गोंदाने टॅग चिकटवायचा आणि तो पक्का वाळेपर्यंत तिला रोखून धरायचे, अशी ही पद्धत आहे. टॅग पाण्याखाली असताना गप्प असतो. कासव श्वास घ्यायला वर आले आणि टॅगवरचे पाणी ओसरले की तो संदेश सोडतो, आणि त्याच वेळी उपग्रह माथ्यावरून जात असेल तर तो संदेश टिपला जातो. उपग्रह पुढे सरकत असताना संदेशाच्या लहरींमध्ये जो सूक्ष्म फरक पडतो, त्यावरून कासवाची जागा ठरवली जाते. हा योग दर वेळी जुळतोच असे नाही, त्यामुळे नकाशावर दिसणारी रेघ हे अधूनमधून मिळालेल्या ठिपक्यांना जोडणारे अनुमान असते आणि एखाद्या ठिपक्याची चूक काही किलोमीटरचीही असू शकते. तरीही प्रथमा उत्तरेला गुजरातच्या समुद्राकडे गेली आणि बागेश्री कर्नाटक, केरळ, कन्याकुमारी करत श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली, हे आपल्याला कळले ते केवळ या टॅगमुळे. किनाऱ्यावर जन्मभर फिरूनही हे कोणाला कळले नसते.

पण टॅगचे आयुष्य काही महिन्यांचे असते. लक्ष्मीचा टॅग तर दोन महिन्यांच्या आतच गप्प झाला. बॅटरी संपते, पाठीवर शेवाळ आणि शिंपले चढतात, कधी टॅग निखळून पडतो, आणि त्यानंतर ती मादी जिवंत आहे की जाळ्यात अडकून मेली, हे उपग्रह सांगू शकत नाही. शिवाय हा टॅग इतका महाग असतो की तो मोजक्याच कासवांना लावता येतो. कोकणात वर सांगितलेल्या दोन वर्षांत मिळून अशी सातच कासवे झाली.

धातूच्या पट्टीचे सगळेच याच्या उलट आहे. तिला बॅटरी लागत नाही, ती वर्षानुवर्षे टिकते आणि तिची किंमत इतकी कमी असते की ओडिशात अशा पट्ट्या हजारो कासवांना लावल्या गेल्या आहेत. वाटेत कासव कुठे कुठे गेले हे ती सांगत नाही, तिला फक्त दोन टोके ठाऊक असतात, आणि दुसरे टोक सापडायचे तर मादी वाळूवर असेपर्यंत तिथे कोणीतरी हजर असावे लागते, त्याने बॅटरीच्या उजेडात वाकून परावर पाहावे लागते आणि आकडा नीट उतरवून घ्यावा लागतो. बागेश्रीची रेघ आणि ०३२३३ हा आकडा शेजारी शेजारी ठेवून पाहा. एक मादी इकडून तिकडे गेलेली आपण नकाशावर पाहिली आणि दुसरी तिकडून इकडे आलेली एका माणसाने डोळ्यांनी पाहिली. यातली कोणतीही एकच गोष्ट हाती असती तर चित्र अर्धे राहिले असते.

खरी अडचण इथून पुढे सुरू होते. कोकणातली वीण ओडिशासारखी सामूहिक नसते. गहिरमाथ्याला किंवा ऋषिकुल्येला एकेका रात्री हजारो माद्या वर येतात, तर आमच्याकडे एखाददुसरी मादी रात्री कधीतरी भरतीच्या सुमारास येते, तासाभरात अंडी घालून वाळू थोपटते आणि निघून जाते. कासवमित्र पोचतो पहाटे, म्हणजे बहुतेक वेळा तिच्या जाण्यानंतर. गेल्या फेब्रुवारीतील एका पहाटेचा प्रसंग सांगतो. ओहोटीच्या ओल्या वाळूवर ट्रॅक्टरचे चाक फिरल्यासारखी नक्षी समुद्रातून वर आली होती आणि थोड्या अंतरावरून तशीच एक नक्षी परत गेली होती. दोन्हींच्या मध्ये, सुरूच्या झाडांच्या अलीकडे, वाळू विस्कटलेली होती. माझ्या शेजाऱ्याने हातातली बारीक काठी चार ठिकाणी अलगद दाबून पाहिली, पाचव्या ठिकाणी ती सहज आत गेली, तेव्हा त्याने काठी बाजूला ठेवली आणि हाताने वाळू उपसायला सुरुवात केली. घरटे असते मडक्यासारखे, तोंडाशी अरुंद आणि आत पसरट. अंडी पिंगपाँगच्या चेंडूएवढी, पण कवच मऊ. ती काढताना फिरवायची नाहीत, जशी होती तशीच टोपलीत ठेवायची, आणि टोपलीत आधी घरट्यातली वाळू पसरायची. तो मोजत होता आणि मी वहीत रेघा ओढत होतो. एकशे बारा भरली, दोन फुटलेली होती. शिंप्याच्या फितीने त्याने खड्ड्याची खोली मोजली. कोल्ह्याचे ठसे घरट्यापासून वीस पावलांवर थांबले होते, बहुधा आमची चाहूल लागून. दिवस पुरता वर यायच्या आत अंडी हॅचरीत, म्हणजे ती सुरक्षित उबवण्यासाठी राखलेल्या जागेत, तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात पुरली गेली आणि वर घरट्याच्या क्रमांकाची पाटी लागली.

मादी आम्हाला दिसलीच नाही. तिच्या परावर पट्टी होती का, हे कळायला आता कोणताच मार्ग नाही. माझ्या वह्या चाळून पाहिल्या तर आमच्या किनाऱ्यावर सापडलेल्या घरट्यांपैकी मादी प्रत्यक्ष पाहायला मिळाली अशी घरटी बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. म्हणजे ओडिशाची आणखी कासवे कोकणात येत असतील, तर ती आपल्या डोळ्यांदेखत नव्हे, आपल्या झोपेत येऊन जात असणार. पट्ट्या वाचल्या जाव्यात असे वाटत असेल तर रात्रीची गस्त हवी. रात्रीच्या गस्तीला दोन माणसे, लाल उजेडाच्या बॅटऱ्या आणि वेळेवर मिळणारे मानधन लागते. कासवमित्राचे मानधन हंगाम संपल्यावर काही महिन्यांनी हाती पडल्याचे मी पाहिले आहे. ते कोणाकडून यायचे होते ते लिहिण्याची ही जागा नव्हे, पण त्या काळात तो पहाटे पुळणीवर यायचा आणि दिवसभर आंब्याच्या बागेत मजुरीला जायचा. त्याच माणसाने रात्रभर जागावे, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

नोंदींबद्दलही थोडे सांगावेसे वाटते. काही वर्षांपूर्वी एका योजनेखाली आमच्या कासवमित्राला मोबाइलवर अ‍ॅप देण्यात आले. कल्पना चांगली होती. घरट्याची जागा, वेळ आणि अंड्यांची संख्या तिथल्या तिथे भरली जाणार होती, कागद भिजणार नव्हता आणि अक्षर लागत नाही अशी तक्रार उरणार नव्हती. प्रत्यक्षात आमच्या पुळणीवर रेंज येत नाही आणि ते अ‍ॅप रेंजशिवाय नोंद साठवून ठेवत नव्हते. रकाने इंग्रजीत होते आणि ‘अंडी खाल्ली कोणी’ या प्रश्नाच्या तयार उत्तरांत कोल्हा नव्हताच, त्यामुळे कोल्ह्याने खाल्लेली घरटीही कुत्र्याच्या खात्यावर जमा होत राहिली. दुसऱ्या हंगामात सगळे पुन्हा वहीवर आले. त्या हंगामाची मूळ वही ‘संगणकात भरण्यासाठी’ म्हणून तालुक्याच्या गावी गेली ती परत आली नाही. माझ्याकडे दुसरी प्रत होती म्हणून ते वर्ष वाचले.

ही तक्रार क्षुल्लक वाटेल, पण मोठे निष्कर्ष अशाच वह्यांवर उभे असतात. दरवर्षी ‘कोकणात कासवांची घरटी वाढली’ अशी बातमी येते आणि आम्हालाही बरे वाटते. मात्र घरटी वाढली की शोधणारे वाढले, याचे उत्तर त्या बातमीत नसते. सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने २००२ साली वेळासला काम सुरू केले, तेव्हा हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढीच माणसे कासवांची घरटी राखण्यासाठी किनाऱ्यावर फिरत होती. आज रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या कितीतरी किनाऱ्यांवर कासवमित्र आहेत. जितके किनारे जास्त चालले जातील तितकी घरटी जास्त सापडतील, मग समुद्रातल्या कासवांची संख्या तेवढीच असली तरी. हा घोळ टाळायचा तर घरट्यांच्या आकड्याशेजारी आणखी दोन आकडे हवेत, किती किलोमीटर किनारा चालला आणि किती दिवस चालला. हे मोजायला कोणत्याही साध्या फोनमधली जागा दाखवणारी सोय पुरेशी आहे, नवे यंत्र घ्यावे लागणार नाही. माझ्या माहितीत मात्र हे दोन रकाने कोणत्याही तक्त्यात नाहीत.

मला विचाराल तर कोकणच्या कासवांसाठी आज सर्वांत गरजेचे यंत्र आभाळात नसून वाळूत पुरायचे आहे. कासवाचे पिल्लू नर होणार की मादी, हे अंड्याभोवतालच्या वाळूच्या तापमानावर ठरते. अंडी उबण्याच्या मधल्या काळात वाळू साधारण २९ ते ३० अंश सेल्सियसच्या वर राहिली तर माद्या जास्त, खाली राहिली तर नर जास्त, आणि फारच तापली तर पिल्ले अंड्यातच मरतात. ओडिशात अंडी बहुतांशी मादीने घातली तिथेच राहतात. आपण मात्र कोल्ही, कुत्री आणि पूर्वी माणसांपासून वाचवण्यासाठी ती उचलून हॅचरीत आणतो. म्हणजे जागा आपण निवडतो, खोली आपण ठरवतो आणि वर सावलीची जाळी बांधायची की नाही, हेही आपणच ठरवतो. त्या हंगामात समुद्रात किती नर आणि किती माद्या जातील, यात आपला हात शिरतो आणि तो नेमका कितपत शिरतो, हे आपण मोजत नाही. दर काही मिनिटांनी तापमानाची नोंद करणारी, बटणाएवढी यंत्रे मिळतात. ती घरट्यासोबत पुरता येतात आणि पिल्ले बाहेर पडल्यावर काढून पुढच्या घरट्यात पुन्हा वापरता येतात. एका उपग्रह टॅगच्या पैशात कितीतरी हॅचऱ्यांना अशी यंत्रे पुरवता येतील. मार्चच्या दुपारी आमच्या पुळणीवर अनवाणी पाय टेकवत नाही, एवढे आम्हाला कळते, पण दीड फूट खाली काय चालले आहे ते कळत नाही. अलीकडे हंगाम उशिरा सुरू होतो, असेही गावात बोलले जाते. माझ्या वह्यांत तसा कल दिसतो खरा, पण एका किनाऱ्यावरून हवामान बदलाचा निष्कर्ष काढण्याचे धाडस मी करणार नाही.

आता समुद्रातल्या कासवांविषयी, कारण किनाऱ्यावर येणारी मादी हा त्यांच्या आयुष्याचा अगदी लहानसा भाग आहे आणि नर तर किनाऱ्यावर येतच नाहीत. यासंबंधी राज्याने केलेली एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. २०१८ च्या अखेरीपासून, जाळ्यात अडकलेल्या संरक्षित जिवाला मच्छीमाराने जाळे कापून सोडले, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी त्याला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते, आणि त्यासाठी पुरावा म्हणून त्याने मोबाइलवर काढलेले छायाचित्र किंवा चित्रफीत द्यायची असते. हेतू जीव वाचवण्याचा होता, पण त्यातून कासवे, बहिरी मासे म्हणजेच व्हेल शार्क अशा जिवांच्या नोंदींचा एक संग्रह आपसूक उभा राहिला, आणि तोही ज्यांच्या होडीवर एकही शास्त्रज्ञ नाही अशा माणसांच्या हातून. आमच्या बंदरातल्या एका तांडेलाने मला असे एक चित्रण दाखवले. त्यात कासवापेक्षा त्याच्या पोराचा हात जास्त दिसतो, पण जाळ्याचा फास मानेवरून सुटताना मात्र स्पष्ट दिसतो. या चित्रणांत परावर पट्टी दिसते का, हे पद्धतशीरपणे पाहिले जावे. ‘सोडण्यापूर्वी दोन्ही पुढच्या परांचे एक छायाचित्र घ्या’ एवढी एक ओळ भरपाईच्या अर्जात वाढवली, तर जेट्टीजेट्टीवर आकडा वाचणारे डोळे फुकटात मिळतील.

हीच गोष्ट मेलेल्या कासवांची. पावसाळ्यात उधाणाबरोबर जखमी आणि मेलेली कासवे किनाऱ्याला लागतात, अनेकदा जाळ्याच्या तुकड्यांत गुरफटलेली. दुर्गंधी सुटते म्हणून ग्रामपंचायत ती लवकरात लवकर पुरते आणि ते योग्यच आहे. पण पुरण्यापूर्वी परावर पट्टी आहे का ते पाहावे, लांबी-रुंदी फितीने मोजावी आणि फोटो काढावा, हे कोणी सांगितलेले नसते. अशा किती पट्ट्या वाळूखाली गेल्या असतील कोण जाणे.

शेवटी माहिती खुली करण्याविषयी. टॅग लावलेल्या कासवांची नावे आम्हाला कळली, त्यांचे नकाशे वर्तमानपत्रांत आले. घरट्यांची माहिती मात्र गावातून वर जाते आणि वरच राहते. कोणत्या किनाऱ्यावर किती घरटी, किती अंडी आणि किती पिल्ले समुद्रात गेली, हा तक्ता हंगाम संपल्यावर महिन्याभरात मराठीत प्रसिद्ध व्हावा आणि त्याची एक प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी. घरट्यांची नेमकी जागा चालू हंगामात उघड करू नये, हे मला मान्य आहे. अंडी चोरणारे अजून पूर्ण संपलेले नाहीत आणि पिल्ले पाहायला येणाऱ्या उत्साही पर्यटकांचे पायही घरट्यावर पडू शकतात. वेळासच्या कासव महोत्सवामुळे गावाला पैसा मिळाला आणि कासवाला मान मिळाला, हे मी जवळून पाहिले आहे, तेव्हा पर्यटकांबद्दल तक्रार नाही. पण हंगामानंतर लपवण्यासारखे काय उरते?

नोव्हेंबरपासून पुन्हा माद्या येऊ लागतील. त्याआधी संबंधित यंत्रणांनी निदान रात्रीच्या गस्तीचे मानधन, लाल उजेडाच्या बॅटऱ्या, वाळूत पुरायची तापमान यंत्रे आणि पाण्याने न भिजणाऱ्या वह्या एवढी तरी तरतूद करावी, अशी आपल्या दैनिकाद्वारे विनंती करतो. आमच्या किनाऱ्याच्या नोंदींच्या सोळा हंगामांच्या वह्या माझ्याकडे आहेत. अभ्यासासाठी कोणी मागितल्या तर त्यांच्या प्रती आनंदाने देईन. मूळ वह्या मात्र आता घराबाहेर जाणार नाहीत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक
दापोली तालुका, जि. रत्नागिरी